शेवटच्या ओळीवरची पट्टी

आत्या गेली तेव्हा मी नांदेडला छापखान्यात होते. कटिंग मशीनवरून नुकतंच आलेलं कागदी पट्ट्यांचं पुडकं माझ्या हातात होतं. माझ्याच एका पत्रकातल्या चुकीच्या ओळीवर चिकटवायच्या होत्या त्या. उदगीरहून चुलतभाऊ बसूचा फोन आला. "ताई, निघ," एवढंच म्हणाला. मला कळलं होतं, तरी मी विचारलं, "सकाळी जेवली का?" तो म्हणाला, "दोन घास खाल्ली. तुला सांग म्हनली होती, खाल्ले म्हणून." पुडकं तसंच मांडीवर घेऊन मी कंधारमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसले. वाटेतलं काही आठवत नाही. शाईचा ओलसर वास तेवढा आठवतो. लहानपणापासून त्या वासाबरोबर आत्याचे हात दिसतात, आणि त्या दिवशी ते हात तासन् तास माझ्या मांडीवरच असल्यासारखे वाटत होते.

आत्याचं नाव महानंदा. माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती उदगीरला आमच्या घरी आली ती कायमची. वडील पत्रकं लिहीत. विहीर सगळ्यांना मोकळी करा, मुलींना शाळेतून काढू नका, लग्नात हुंडा घेऊ नका... मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. घड्या घालायचं काम आत्याचं. रविवारी दुपारी सोप्यात गठ्ठे यायचे. ती पितळी चमच्याच्या पाठीने कागदावर एकच रेघ ओढायची आणि कागद जणू आपणहून मिटायचा. पण आधी पत्रक मोठ्यानं वाचायला लावायची. मी वाचायचे. शेवटची ओळ संपली की ती डोळे मिटून "हं" म्हणायची. तो "हं" आल्याशिवाय चमचा हलत नसे. एकदा हगवणीची साथ होती आणि वडिलांनी साखर-मीठ-पाण्याचं पत्रक काढलं. मी वाचत होते. मिठापाशी तिनं थांबवलं. "चमचाभर? चिमूटभर की रे!" चूक छापखान्याची होती. वडील वैतागून म्हणाले, "आक्का, एवढं कोण बघतंय?" ती म्हणाली, "ज्याचं लेकरू आजारी हाय ते बघतंय. दुसरं कुणी बघंल का?" मग तिनं कणकेची खळ शिजवली, बरोबर शब्दाच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि दोन दिवस बसून प्रत्येक पत्रकावर एकेक चिकटवली. एकही पत्रक फेकू दिलं नाही. झाकलेली चूक हाताला लागते, म्हणायची, म्हणून पुढच्या वेळेला माणूस जपून लिहितंय.

तिच्या मूत्रपिंडात गाठ असल्याचं गेल्या वर्षी लातूरला कळलं. गाठीचे कण फुप्फुसात गेले होते, त्यामुळे शस्त्रक्रियेनं भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. स्कॅनच्या काळ्या पडद्यावर गाठीभोवती पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेषांचं जाळं दिसत होतं. आत्यानं विचारलं, "ह्या मुळ्या कशाच्या हायत बाई?" बाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "मावशी, गाठ आधी टाचणीच्या डोक्याएवढी असते. शेजारून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तिचं भागतं. मोठी झाली की मधल्या पेशी गुदमरायला लागतात. मग ती एक रसायन सोडते. ती तिची हाक. ती ऐकून जवळच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात आणि ते गाठीच्या दिशेनं वाढत जातात."

"हाक मारते? आन् नळ्या जातात?"

"जातात. घाईत झालेल्या असतात, वेड्यावाकड्या, गळक्या. पण जातात."

"माझ्याच नळ्या?"

"तुमच्याच. कुठं कापलं तर जखम भरायला अशाच नव्या नळ्या येतात. पोटात बाळ वाढताना आईच्या अंगात अशाच फुटतात. हाक तीच असते."

आत्या पडद्याकडं बघत राहिली... तिला आयुष्यभर कुणीही, कुठूनही हाक मारली की ती हातातलं टाकून "ओ, आले" म्हणायची. गल्लीत कुणाची उतरंड काढायची असो की कुणाच्या लेकीला नेसवायची असो. ती हळूच म्हणाली, "मग अंगाची काय चूक न्हाई. हाक आली, ओ दिली बिचाऱ्यानं." बाई हसल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या रक्तवाहिन्यांचे कान झाकतात, म्हणजे गाठीची हाक त्यांना ऐकू जात नाही आणि गाठीची उपासमार होते, असं त्यांनी सांगितलं.

मला मात्र राग आला होता. दवाखान्याच्या आवारात पुड्या विकणारे फिरत होते, काढ्याची जाहिरात करणारे नातेवाइकांच्या कानाला लागत होते. बाईंसारखं खरं काय ते दुसरं कुणी साध्या मराठीत सांगत नव्हतं. मी आठ दिवसांत पत्रक लिहिलं. गाठ म्हणजे काय, ती रक्त कसं ओढून घेते, औषध काय करतं, भोंदूंना पैसे का देऊ नयेत. लिहिताना मला गाठ दिसत नव्हती. दुसऱ्याच्या रानात घुसून पाट आपल्याकडं वळवून घेणारा माणूस दिसत होता. शेवटची ओळ मी मोठ्या टायपात घातली: "गाठीला उपाशी मारा!" आत्या तेव्हा गोळ्यांच्या गुंगीत पडून असायची. तिला कशाला त्रास, म्हणून घड्यासुद्धा छापखान्यातून घालून घेतल्या. तिच्या "हं"शिवाय बाहेर गेलेलं आमच्या घरचं ते पहिलं पत्रक. लातूरला दवाखान्याच्या दारात उभी राहून मी ते वाटलं आणि वाटताना मला फार बरं वाटत होतं.

महिन्याभरानं उदगीरला गेले तर आत्याच्या मनगटातली पाटली कोपरापर्यंत सरकत होती. बसू म्हणाला, "सोमवार धरून राहिली असंल." पण तो बुधवार होता. तिच्या उशीखाली माझं पत्रक होतं. तिनंच काढून दाखवलं, जरा अभिमानानं.

"तू लिवलीस तसं करून राहिले. गाठ रक्तावर जगते. रक्त कशाचं? भाकरीचं. मग भाकरच बंद केली. उपास काय मला नवा हाय का?"

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आधी माझ्यावर चिडल्या, मग आत्याशी बोलल्या. जेवण बंद केलं तर आधी अंग उपाशी पडतं, गाठ नाही. गाठ तरीही आपला वाटा ओढून घेते. शिवाय ती गुदमरते तेव्हाच तर जोरात हाका मारते. तिच्या वाटा अडवायचं काम गोळीचं, पोटाचं नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती रागावेल. मी तर रडायला लागले होते. तिनं पत्रक हातात घेतलं, शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अशे किती वाटलीस?"

"पुष्कळ."

"मग माझ्याम्होरं काय रडून राहिलीस? ऊठ. जा लातूरला. तू कागद परत आण, मी जेवते. तू बसून राहिलीस तर मीबी तशीच बसते."

बसू स्वयंपाकघरातून ओरडला, "आत्या, ही काय शर्त हाय का?"

"हाय. तू खिचडी टाक."

मी दोन दिवस लातूरला त्या आवारात फिरले. बरीच पत्रकं बाकड्यांखाली होती, काहींत भजी बांधली गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं समाधान वाटलं. पण इस्लापूरकडचे एक काका भेटले. बायको आत भरती होती. त्यांनी माझं पत्रक खिशातून काढलं. ते इतक्या वेळा उघडलं-मिटलं होतं की घडीवर फाटलं होतं. म्हणाले, "आम्ही पाळून राहिलो ताई. दूध बंद, भाकर बंद. ती मागती, पर मी देत न्हाई." त्यांना मी काय काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी कँटीनमधून दुधाचा कप आणला, बायकोला धरून बसवलं... ती पीत असताना ते माझ्याकडं बघत होते. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

परत आणलेला गठ्ठा मी जाळणार होते. आत्यानं जाळू दिला नाही. बाकीचं खरं हाय, खऱ्याला कशाला जाळतीस, म्हणाली. नवी ओळ तिनंच सांगितली: "पेशंटनं भूक लागंल तसं, झेपंल तेवढं जेवावं. गाठीची वाट औषध अडवतं." मी "लागंल"चं "लागेल" आणि "झेपंल"चं "झेपेल" केलं, तेवढंच. मग खळ शिजली आणि पावसाळा सरल्यावरच्या त्या दुपारी आम्ही दोघी सोप्यात बसू लागलो. गोळ्यांनी तिचे तळवे हुळहुळे झाले होते, केस बघता बघता पांढरेफेक पडले होते. उन्हाची तिरीप सोप्यात यायची, कागदांवरून सरकत तिच्या पायापर्यंत जायची आणि आम्ही कुठल्या साली बसलो आहोत तेच मला उमगत नसे. एकदा कागदाच्या कडेनं तिचं बोट कापलं. एवढीशी चीर, पण ती आठवडे उलटले तरी भरेना. बाई म्हणाल्या, होतं असं, गोळ्या जखमेचीही हाक ऐकू देत नाहीत. आत्या ते बोट उन्हात धरून बघत बसायची. "हाक मारून राहिलंय गं," म्हणायची, "पर कुणी येईना." मग पुढची पट्टी उचलायची. मधे बसू दह्यात कालवलेला चुरमुऱ्यांचा सुसला आणून ठेवायचा. ती माझ्याकडं बघत एकेक घास खायची, मला दाखवून.

त्या महिन्याभराच्या उपासानं तिचे किती दिवस गेले, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं मोजता येत नाही. ते मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. मी अजून पत्रकं लिहिते, भोंदूंवर अजून तेवढीच चिडते, पण मोठा टाइप वापरताना हात थांबतो.

परवा उदगीरला गेले. सोप्याच्या कोनाड्यात अर्धा गठ्ठा होता, पितळी चमचा होता आणि खळीची वाटी. खळ वाळून कडक झाली होती आणि तीत आत्याच्या बोटाचा खळगा तसाच होता. मला ती धुववेना. बसूला दुसऱ्या वाटीत खळ करायला सांगितली. आत्या गेली त्या दिवशी नांदेडहून आणलेलं, तसंच पडून राहिलेलं पट्ट्यांचं पुडकं सोडलं. पहिलं पत्रक घेतलं, जुन्या ओळीवर पट्टी लावली, अंगठ्यानं दाबली. मग सवयीनं पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचत गेले. शेवटची ओळ संपली. चमचा हातात होता... पण मी अजून घडी घातली नव्हती. सोप्यात ऊन पायापर्यंत आलं तरी मी तशीच थांबले होते.