डाव्या पायाची टाचणी

टेलरताईच्या दुकानात कापडापेक्षा गप्पाच जास्त शिवल्या जातात, असं गिऱ्हाइकं चेष्टेनं म्हणत. पण मापाला बाई पक्की. चिमण्याची शाळेची पँट ती पहिलीपासून शिवत आली होती. त्याचा डावा पाय जरासा आखूड. ती गुपचूप डावी बाजू अर्धा इंच कमी करायची, पोराला कुणी चिडवू नये म्हणून. हे ठाऊक होतं फक्त तिला आणि त्याच्या आईला.

आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, तोंडाला रुमाल बांधून तीन पोरं दुकानात घुसली. दोघं गल्ल्याकडे धावली. तिसऱ्याची चाल तिनं ओळखली.

"चिमण्या, तू रे?"

एवढंच म्हणाली. त्यानं शटर ओढायची लोखंडी कांब उचलली आणि तिच्या डाव्या हातावर घातली. तेव्हापासून दोन बोटं वाकत नाहीत. कापड सरकतं उजव्या हातानं, पण धरून ठेवतो डावाच. ब्लाउजची बाही आता तिला जमत नाही.

चिमण्या पंधरा वर्षांचा. मुलांच्या कोर्टातल्या बाईंनी सांगितलं होतं, "निकालाआधी तुम्हाला त्याच्यासमोर बोलता येईल." त्या एका वाक्यावर टेलरताईनं आठ महिने काढले. तिला त्याला एकच विचारायचं होतं : मी तुझं नाव घेतलं म्हणून मारलंस का रे? गप्प राहिले असते, तर हात वाचला असता?

कोर्टाची धावपळ दादानं अंगावर घेतली होती. "तारीख पुढे गेली गं," असं तो दर वेळी सांगायचा. दादा म्हणजे वडलांच्या जागी. विषय संपला.

त्या दिवशी वहिनी पिशवी घेऊन आली. "माझ्या भाच्याची पँट. नवीच आहे, पण लांब होतेय. टाचण्या लावल्यात, तिथे दुमडून टाक. सोमवारी नवीन शाळा आहे त्याची."

टेलरताईनं सवयीनं टाचणीपर्यंत टेप लावला. उजवी अडतीस. डावी साडेसदतीस. पुन्हा लावला. साडेसदतीसच.

"वहिनी, चिमण्या सुटला?"

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं... त्याच्या आईनं बाजारातल्या टेलरकडे द्यायला सांगितली होती. तो चार दिवस लावतो, म्हटलं घरात टेलर असताना..."

"कधी सुटला?"

"मागच्या महिन्यात. तुला काही बोलायचं नाही, असं लिहून दिलं होतं ना तू."

"मी?"

"तुझी सही आहे की!"

टेलरताईला तो कागद आठवला. 'तारखेचा आहे, इथे कर,' दादा म्हणाला होता. तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता. आणि समोर दादा असताना चष्मा लागतो कशाला?

"तुझ्या भल्यासाठीच गं. तिथे रडत बसली असतीस. शिवाय त्याचा बाप ह्यांच्या कारखान्यात मुकादम..." वहिनीनं जीभ चावली.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. पोराच्या कांबेचा घाव निदान समोरून तरी आला होता.

"पँट राहू दे इथेच," टेलरताई म्हणाली. "न्यायला दादाला पाठव."

रविवारी दादा आला. बसला नाही. "झाली का गं? त्यांची घाई चाललीय."

"ते पोर आहे. तू तर पन्नाशीचा आहेस, दादा."

तो पंख्याकडे बघत राहिला. "त्या पोराचं आयुष्य पडलंय अजून."

"आणि माझं काय, संपलं?"

शिवून तयार असलेली पँट तिनं त्याच्यापुढे ठेवली. न वाकणारी दोन बोटं सांभाळत, दोन दिवस खपून दुमडलेली. डावी अर्धा इंच कमी. तिच्यावर कोरा कागद ठेवला, वर पेन.

"लिही. आधीच्या कागदावर मी न वाचता सही केली आहे. मला त्याच्यासमोर बोलायचं आहे. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखव, मग सही करते."

"आता काय उपयोग त्याचा?"

"ते कोर्ट सांगेल. तू लिही."

दादानं खिसे चाचपले. "चष्मा नाही आणला मी."

टेलरताईनं स्वतःचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.