क्यूसी मॅडमचा पिवळा टॅग

आमच्या दिघीच्या शाळेत मोठ्या बाईंना कुणी फारसं घाबरायचं नाही. सगळे घाबरायचे अंकिताच्या डाव्या हाताला. ती पाचवीत नवीन आली त्या दिवशी मी तिच्या चाकांच्या खुर्चीपाशी वाकलो आणि अशा मुलांसाठी आपण एक खास मऊ आवाज राखून ठेवतो, त्या आवाजात म्हणालो, "घाबरायचं नाही हं बाळ!" तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मांडीवरच्या डबीतून सावकाश एक लाल टॅग काढला आणि माझ्या खिशावर चिकटवला. "सर, तिसरी गुंडी चौथ्या काजात गेलीय. आणि मी घाबरलेच नाहीये." गुंडी मी लगेच नीट केली, पण टॅग काढायचं विसरलो आणि तसाच दोन तास शाळाभर मिरवलो. मुलं का हसतायत ते मला मधल्या सुट्टीत कळलं.

हे टॅग म्हणजे आमच्या भागातली रोजची गोष्ट. चाकणच्या कारखान्यांत माल तपासणारे लोक पास झालेल्या पार्टला हिरवा टॅग लावतात, भंगारात जाणाऱ्याला लाल आणि दुरुस्तीला, म्हणजे रिवर्कला, परत पाठवायच्या पार्टला पिवळा. आमच्या निम्म्या मुलांचे आईबाप असले टॅग खिशात विसरून घरी येतात. अंकिताचे पप्पा मूळचे बीडकडचे, एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायला होते. छपाई बिघडलेले रोल कंपनी टाकून द्यायची, ते पप्पा लेकीसाठी मागून आणायचे. लेकीनं त्या रोलवर चार वर्षं आख्खी शाळा तपासली. डबे, वह्या, फळ्यावरचं अक्षर, पोषण आहाराची खिचडी, कशाचीच सुटका नव्हती. महिन्याभरात तिचं नाव क्यूसी मॅडम पडलं.

तिच्या स्नायूंना जन्मापासून आजार होता. पाय कधी चाललेच नाहीत, उजवा हात सहावीत थकला, बोलणं संथ. डोळे आणि तोंड मात्र तिन्ही शिफ्टला चालू. तिची खुर्ची ढकलायची जान्हवी, तिच्याच वर्गातली, शेजारच्याच चाळीतली. दोघी सारख्या भांडायच्या. "काय राव जान्हवी, ट्रक चालवतेस का?" हे वाक्य व्हरांड्यात ऐकू आलं, की आम्ही शिक्षक आपापल्या गुंड्या चाचपायचो.

तिच्यासाठी शाळेनं उतार बांधला, त्याची हकीकत मोठ्या बाईंसमोर अजूनही काढायची सोय नाही. पाहुणे आले, नारळ फुटला, फीत कापली, टाळ्या झाल्या. जान्हवीनं खुर्ची उतारावर चढवली आणि वर जाऊन दोघी थांबल्या. उताराच्या टोकाला वीतभर उंचीची पायरी तशीच होती. गवंड्याला ती दिसली नव्हती, आम्हालाही नाही. अंकितानं पाहुण्यांना गोड आवाजात सांगितलं, "रॅम्प मस्तच झालाय काका, फक्त तो कुठं जात नाही." आणि कठड्यावर पिवळा टॅग लावला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, निदान पाहुणे जाईपर्यंत तरी थांबायचंस!" त्यावर तिचं उत्तर तयार होतं, "बाई, माल गाडीत चढल्यावर तपासून काय उपयोग?" पुढच्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, पप्पा तीन दोस्तांना आणि एक लोखंडी पत्रा घेऊन आले. दिवसभर ठोकाठोक चालली. जेवायला चला म्हटलं तर पप्पा म्हणाले, "न्हाई सर, आदी पोरीकडून हिरवा घेऊ द्या. घरी लई बोलती ती."

खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला बसायची, ते तिला मुळीच मान्य नव्हतं. आठवीत तिनं खेळाच्या सरांकडे अर्जच केला. खो-खोत खांब नुसता उभा असतो, ते काम मला जमेल, असं त्यात लिहिलं होतं. सर काय बोलणार! त्या दिवसापासून एका टोकाला लाकडी खांब आणि दुसऱ्या टोकाला अंकिता. पण खांबानं गप्प बसावं की नाही? हा खांब दोन्ही संघांना सल्ले द्यायचा, पळणाऱ्याला पाठलाग करणारा कुठून येतोय ते सांगायचा, आणि कुणी दमून रेंगाळला की त्याच्या पाठीवर लाल टॅग मारायचा. इतका फितूर खांब मी आयुष्यात पाहिला नाही. हरलेला संघ तिच्यावर चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच बाजूला तिला मागायचा.

माझं दुखणं वेगळं होतं. मी मराठीचा शिक्षक, भाषणाचा शौकीन. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमात मी बोलायचो आणि व्यासपीठाच्या डाव्या अंगाला खुर्चीत बसून ती ऐकायची. तिचा नियम होता तीन मिनिटांचा. सव्वीस जानेवारीला लाल. शिक्षकदिनाला लाल. "सर, 'म्हणजेच' सतरा वेळा झालं. झेंडासुद्धा कंटाळला." एकवीस वर्षं नोकरी झालेला माणूस मी, पण एका हिरव्या टॅगसाठी अक्षरशः झुरत होतो. घरी आरशासमोर घड्याळ लावून सराव करायचो. बायको म्हणायची, "त्या पोरीला एकदा घरी आणा, मला तिच्या पाया पडायचंय."

एकदा चिडून मी तिला विचारलंच, "सगळ्यांना टॅग लावतेस, तुला स्वतःला कुठला?" विचारलं आणि माझी जीभ मलाच टोचली. तिनं जान्हवीला खूण केली. जान्हवीनं खुर्ची वळवली. पाठीमागे, धरायच्या दांड्याखाली, एक जुना, कडा उचकटलेला पिवळा टॅग होता. "लाल भंगारात जातो, सर. पिवळ्याला परत लाइनवर यायचा चान्स असतो. माझं रिवर्क चालू आहे." एवढं बोलून तिनं माझी चप्पल तपासायला घेतली. मी ती निमूट पुढे केली, आणि तो एकच दिवस मी तिच्या हिशेबानं वेळेत बोललो असेन.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखान्यात होती. तिथल्या सिस्टरना तिनं सलाइनच्या स्टँडपासून उपम्यापर्यंत सगळ्यावर टॅग लावून दिले, असं तिची मम्मी सांगत होती. नवव्या दिवशी ती गेली.

शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. मोठ्या बाईंनी टेबलावर हार घालून तिचा ओळखपत्रावरचा फोटो ठेवला होता, त्यात ती कुणीतरी रागावल्यासारखी गप्प बसली होती. तिच्या वर्गानं, नववी 'ब' नं, एकमुखानं तो नापास केला. जान्हवीनं दुसरा आणला. मैदानावरचा, खांबाच्या ड्यूटीवर असतानाचा, तोंड पूर्ण उघडं, ओरडताना. असला फोटो हाराखाली बरा दिसेल का, म्हणून मोठ्या बाई घुटमळल्या. तिची मम्मी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ठिवा बाई ह्योच. घरात बी ती अशीच दिसायची."

मग माझं नाव पुकारलं. माझ्या हातात चार पानं होती. पहिलंच वाक्य दीड ओळीचं आणि त्यात 'नियती' होती. मी डावीकडे पाहिलं. सभागृह खच्चून भरलेलं, मुलं दाटीवाटीनं जमिनीवर बसलेली, पण व्यासपीठाच्या त्या अंगाला खुर्चीएवढी जागा कुणीही न सांगता मोकळी सोडलेली. मी पानं खिशात घातली.

"अंकिता," मी म्हणालो, "तू गेल्यापासून माझ्या गुंड्यांकडे कुणी बघत नाही गं." पुढे बरंच मनात होतं, पण मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. मग खाली येऊन बसलो.

जान्हवी उठली. तिच्या हातात ती डबी होती, मम्मीनं तिलाच दिली होती. ती माझ्यासमोर आली, हिरव्या रोलवर बोट ठेवलं, जरा विचार केला आणि पिवळा काढून माझ्या खिशावर लावला. "वेळेत झालं, सर," नाक ओढत ती म्हणाली, "पण गुंडी आज पण चुकलीय."

मी खाली पाहिलं. तिसरी, चौथ्या काजात. आधी तिचे पप्पा हसले, मोठ्यानं, डोळे वाहत असताना, आणि मग सगळं सभागृह. त्या सभेत दोन मिनिटं शांतता पाळायची राहूनच गेली.

तो टॅग मी माझ्या चष्म्याच्या डबीत आतून चिकटवलाय. त्याच्या कडा आता उचकटायला लागल्यात. रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी मी थांबतो, वरपासून खालपर्यंत गुंड्या मोजतो आणि मग आत शिरतो. बरेचदा बरोबर असतात. नसल्या, तर तिथंच उभा राहून सारख्या करतो. रिवर्क चालू आहे.