मळ्यातल्या गाडीत जोंधळ्याचं पोतं

मंडळी, गल्लीत मेलेले उंदीर सापडायला लागले, म्हणून आज सकाळीच घराला कुलूप लावून आम्ही निपाणीबाहेरच्या आमच्या मळ्यात मुक्कामाला आलो. आम्हा नवराबायकोला तंबू, थोरल्या आक्काला आणि लेकीला छपराची बैलगाडी. प्लेग ओसरेपर्यंत हेच घर.

दुपारी गाडीतल्या जोंधळ्याच्या पोत्यात खुडखुड ऐकू आली. माझे कान तिखट. बाजारातले भाव टिपत हमालाचा व्यापारी झालो तो याच कानांवर. लेक त्याच पोत्याला टेकून झोपली होती. तिला उचलून बाजूला केलं आणि पोतं उन्हात ओतलं. आतनं उंदीर निघाला आणि गवतात पळाला.

आक्का हसली. "जिता हाय की रं! मेलेला असता तर भ्यायचं. बस आता गप."

बायको भडकली. "घर सोडलं ते ह्येच्याच भ्यानं, आन् ह्योच गाडीत बसून आलाय, आक्का!"

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. धान्य टाकून द्यावं, तर खायचं काय? लेकीला परत गाडीतच झोपायचंय. उंदीर मेला की गाव सोडायचं, एवढं आपल्याला ठाऊक आहे. जिता उंदीर सोबत आला तर काय करायचं, हे कुणी सांगेल का?