पळीवरची तलवार

चित्र दुरुस्त करणाऱ्याने आज चिंचोक्यांची खळ शिजत ठेवली आणि त्या वासासरशी मी दक्षिणेतल्या, टी. नगरातल्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

मला पाहायला पुण्याची मंडळी येणार होती. बाहेरच्या खोलीत हेच तंजावरी चित्र होतं. त्यात पूर्वजांची नावं होती आणि मधोमध घराण्याची खूण म्हणून सोन्याच्या वर्खातली पळी, कारण आमचा मूळपुरुष राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख होता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पळीवर अशाच खळीत कालवलेल्या खडूचा लेप चढवून तलवार करून घेतली. "आचाऱ्याच्या घरातली मुलगी कोण करील?" ते म्हणाले. पाहण्याच्या दिवशी आजोबांनी कमरेची वेष्टी खोचून पाहुण्यांसाठी स्वतः सांबार रांधलं.

"स्वयंपाक कुणी केला हो? फार छान झालाय," मुलाच्या आईने विचारलं.

"आचारी बोलावला होता," अप्पा म्हणाले.

आजोबा दारातच उभे होते. हातातली पळी त्यांनी हळूच पाठीमागे नेली. मी मान खाली घातली.

सासरी अजून कौतुकाने सांगतात, मुलगी त्या दिवशी किती लाजत होती.