आठच्या बातम्या आणि मिनिस्टरकाका

संध्याकाळचे आठ वाजत आले की समोरच्या घरातले मिनिस्टरकाका कोट चढवून टीव्हीपुढे ताठ बसायचे. वर कोट आणि खाली चौकड्यांची लुंगी! वेस्ट विंडसरच्या आमच्या स्वयंपाकघरातून हा थाट रोज दिसायचा. शेवटी न राहवून मी विचारलंच. म्हणाले, "आमच्याकडे मंत्र्याला काढलं की ते आठच्या बातम्यांत कळायचं. आधी कोणी सांगायचं नाही. निदान अंगात कोट तरी असावा!"

हो, काका खरेखुरे मंत्री होते! ब्रह्मदेशात, लष्करी राजवटीत. फौजेतून एका संध्याकाळी मासेमारी खात्याचे मंत्री झाले. "मला पोहताही येत नव्हतं," असं सांगून खो खो हसायचे. मग क्रीडा, मग सहकार, आणि एके दिवशी बातम्यांनीच त्यांना 'निवृत्त होण्याची परवानगी' दिली. पुढे लेक इथे औषधांच्या रिसर्चमध्ये लागली, तिच्याकडे ते राहायला आले.

एक गोष्ट मात्र ते न हसता सांगायचे. त्यांच्या देशात एकदा निवडणूक झाली, लष्कराची माणसं सपाटून हरली, तरी खुर्चीवरून कोणी उठलं नाही. "निकाल बाजूला ठेवा, आपणच चालू राहू, असं वरून आलं. मी मंत्री होतो. मान खाली घालून फाइल वाचत बसलो." मग चहा तसाच ठेवून घरी जायचे.

आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचे अध्यक्ष टेक्सासला गेले आणि ते काम गळ्यात घ्यायला कोणी तयार होईना. काका हंगामी अध्यक्ष झाले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "आदेश कोणाचे घ्यायचे? वर कोण आहे?"

"वर कोणी नाही काका. छप्पर आहे, तेही लीक होतंय," माझा नवरा म्हणाला.

काकांनी वर पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून झपाटल्यासारखे कामाला लागले. छप्पर झालं, बर्फ वेळेवर निघू लागलं. क्लबहाउसची किल्ली कोटाच्या खिशात असायची आणि येताजाता ते ती चाचपायचे.

आणि मग इलेक्शन आलं! काय ते दिवस! उभ्या जन्मात ज्यांनी कोणाकडे मत मागितलं नव्हतं ते काका दारोदार हिंडू लागले. विरोधात उभ्या होत्या नागपूरच्या काळेमावशी, रिटायर्ड डेंटिस्ट, बोलायला लागल्या की भल्याभल्यांची बोलती बंद. एक दिवस काका धापा टाकत आमच्याकडे आले. "कोपऱ्यावरचा माणूस मला हो म्हणाला! त्याला कोणी हुकूम दिला नव्हता, तरी हो म्हणाला!" डोळे नुसते चमकत होते. माझी लेक म्हणाली, "आई, ही इज सो क्यूट!"

शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मोजणी झाली. काका थोडक्यात हरले. माझा नवरा तडक उठला. "काका, नोटीस एक दिवस लेट गेली होती. बायलॉजप्रमाणे इलेक्शन कॅन्सल करता येतं यार! तुम्हीच कंटिन्यू करा!" दोघाचौघांनी माना डोलावल्या. काकांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. ही खुर्ची त्यांना किती हवी होती, ते आम्ही रोज बघत होतो.

"हे मी एकदा ऐकलंय," काका सावकाश म्हणाले. "तेव्हा मी गप्प बसलो होतो."

उठले, चालत गेले आणि किल्ली काळेमावशींपुढे धरली.

"अहो, सोमवारी दिलीत तरी चालेल!" मावशी गडबडल्या.

"नाही. आत्ता."

मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या, आणि रडलेही. मावशींचेही डोळे भरून आले होते.

काका गेल्या थंडीत गेले. समोरच्या त्या टीव्हीच्या खिडकीत आता आठ वाजता अंधार असतो. पण मला आठवते ती त्याच शनिवारची संध्याकाळ. काका आमच्याकडे पोहे खायला आले होते, नुसत्या लुंगीत आणि सदऱ्यात. घड्याळात आठ वाजले. मी म्हटलं, "काका, बातम्या? आणि कोट कुठाय?"

त्यांनी बशी पुढे केली. "आजची बातमी मला आधीच माहीत आहे. अजून थोडे वाढ."