सैल झाकणाचा डबा

कोथरूडला आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ एकटेच राहतात. त्यांना माझ्यासारखाच संधिवात. म्हणजे होता, असं ते म्हणतात. दूध, दही, तूप सोडलं आणि बोटांचं दुखणं पळालं, हे ते जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगतात.

"वहिनी, गोळ्या कसल्या खाताय? दूध सोडा. माझ्याकडे बघा!"

मी बघतेच. इतकं ठणठणीत कुणी असतं का? आणि चेहऱ्यावरचं ते तेज नुसत्या पालेभाजीचं? हा माणूस चोरून तूप खात असणार, अशी माझी खात्रीच होती.

अधूनमधून ते शेंगदाण्याच्या दुधाचं दही आणून देतात. डब्याचं झाकण कायम सैल, त्यामुळे निम्मं दही माझ्या उंबऱ्यावर. डबा रिकामा परत करू नये, म्हणून एकदा मी त्यात मुद्दाम साजूक तुपातले बेसनाचे लाडू भरले. माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून आमच्या ह्यांच्याकडून झाकण गच्च लावून घेतलं आणि आत काय आहे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. "तुपातलं काहीतरी असणार, वहिनी. आपल्याला चालत नाही."

असणार?

डबा होता तसाच जड होता. झाकणाच्या कडेला मात्र चमच्याने उचकटायला गेल्याचे नवे ओरखडे होते, चहूबाजूंनी.

हल्ली त्यांचा डबा परत करताना मी तेलातल्या चकल्या भरते आणि झाकण नुसतं वर ठेवते. त्यांच्या बोटांचं मला कळलंय, याचा त्यांना अजून संशय आलेला नाही.