ओट्यामागची भिंत

आमचं घर कचऱ्याचं आहे. हे मी आता सरळ सांगते, पूर्वी विषय बदलायचे. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या शेडमध्ये नवरा टॉवेल कारखान्यांतल्या चिंध्या दाबून भिंती बनवतो. लोखंडी चौकट, मधे चिंध्या, दोन्ही अंगांनी चौकाचौकांत लागतात तसले जुने फ्लेक्स. चौकटी बोल्टने जोडल्या की खोली उभी राहते, सोडवल्या की टेम्पोत घालून दुसरीकडे नेता येते. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून त्यानं पहिलं घर आमचंच केलं आणि माझ्या संसाराचं प्रदर्शन मांडलं. कुणीही यायचं, भिंतीवर टकटक करायचं, "उंदीर कुरतडत न्हाईत का?" म्हणून विचारायचं, आणि मी पोळपाट धरून ओशाळून उभी. जाऊबाई तर चहा पिता पिता म्हणायच्या, "आज कोणत्या पुढाऱ्याच्या वाढदिवसात बसलोय गं आपण?" सगळे हसायचे. मीही हसायचे आणि नंतर सगळा राग नवऱ्यावर काढायचे.

फ्लेक्सची छापील बाजू आत आणि पांढरी बाजू खोलीकडे, हा आमचा नियम. ओट्यामागची एक चौकट मात्र उलटी बसली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ते लक्षात आलं. एका तरुण मुलाचा अर्धा चेहरा, डोळ्यांवर काळा गॉगल, वर 'श्रद्धांजली'मधलं नुसतं 'जली'. नवरा म्हणाला, सोडवून फिरवतो. मी म्हटलं, राहू दे, पाहुणे येतील, आणि त्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलं. गेलेल्या माणसाचा मान वगैरे माझ्या मनातही आला नाही. जाऊबाईंना दिसू नये, एवढंच. पुढं ते फिरवायचं राहूनच गेलं.

लोक घर बघून वाहवा करत आणि जाऊन विटाच घेत. एक तरी खोली विकली गेली नाही तर शेड बंद करायची, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. अशात आम्हाला फ्लेक्स आणून देणारा भंगारवाला मोडनिंबच्या एका जोडप्याला घेऊन आला. शेरडं राखणारी वयस्कर माणसं. रानात राहायला हलवता येईल अशी खोली हवी होती. त्या मावशींचे मालक बाहेर माझ्या नवऱ्याशी बोलत बसले, मावशी माझ्याजवळ आत आल्या. मी भाकरी थापत होते. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर हललं, तसं मावशींनी ते हातानं बाजूला केलं आणि बघतच राहिल्या.

"ह्यो गॉगल त्येचा न्हाय," त्या म्हणाल्या. "दोस्ताचा हाय. वाढदिसाच्या फोटूपुरता मागून आणला हुता पोरानं."

हा त्यांचाच मुलगा, हे मला कळायला वेळ लागला नाही. भंगारवाला मोडनिंबच्या चौकातूनच फ्लेक्स गोळा करायचा. त्या गॉगलवर माझ्या फोडणीचे थेंब वाळून पिवळे झाले होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. "मावशी, चुकलं," एवढंच तोंडातून आलं. त्याच क्षणी मनात आलं, गेली ही खोली हातची! आणि असं मनात आलं याची आणखी लाज वाटली.

"तुमी कशाला चुकताय?" त्या हळूच म्हणाल्या. "मीच दिला की काढून. उनानं तोंड इटाया लागलं हुतं. येता-जाता बघवंना मला. भंगारवाल्याला म्हनलं, घेऊन जा बाबा. ह्यास्नी सांगितलं, वाऱ्यानं उडाला."

त्यांनी ओलं फडकं मागितलं. सवयीनं मी ओट्याचंच पुढं केलं, मग मागं घेऊन धुतलेला टॉवेल काढून दिला. त्यांनी सगळा चेहरा पुसला. मी तव्यावरची भाकरी जळू दिली.

बाहेर जाऊन त्या मालकांना म्हणाल्या, "खोली घिऊया. पर ती ओट्यामागची भित पायजे त्यात."

"जुनी कशाला गं?"

"धगीला टिकलेली हाय ती."

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, दे. भिंत निघाली तिथं भगदाड पडलं, आणि नवी होईपर्यंत मी रस्त्याच्या तोंडावर स्वयंपाक केला. ती चौकट मालकांना दिसू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून मीच टेम्पोत ठेवली.

मोडनिंबला खोली उभी करताना मीही मदतीला गेले. त्या चौकटीचं एक टोक मी धरलं, दुसरं मालकांनी. चादर त्यांनीच सोडली. त्यांचे हात थांबले. मावशी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या होत्या.

मालक म्हणाले, "वाऱ्यानं पार सोलापुरापातूर नेला व्हय गं ह्येला?"

मालकांनी चेहऱ्याची बाजू खोलीकडं वळवली आणि मला म्हणाले, "आतल्या अंगाला घ्या, बाई. आता त्यो घरातच ऱ्हाऊ द्या."

मी बोल्ट आवळायला खाली वाकले, आणि आवळून झाल्यावरही तशीच वाकून राहिले.